रझवीला मिळालेले न्यायालय

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. नांदेडला, लातूरला आणि गावोगावच्या हुतात्मा स्मारकांवर झेंडावंदन होते, पुष्पचक्रे वाहिली जातात. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदराव पानसरे यांचे स्मरण केले जाते. त्या भाषणांत आणखी एक नाव हमखास येते, ते खलनायकाचे. रझाकारांचा प्रमुख कासीम रझवी. त्याच्या संघटनेची दहशत एवढी होती की मराठवाड्याच्या बोलीत दांडगाईला रझाकारी म्हणण्याची रीत पडली, ती अजून मोडलेली नाही. पोलीस ॲक्शनमध्ये निजामाची फौज शरण आली, रझवी पकडला गेला, आणि बहुतेक भाषणांत त्याची कहाणी तिथेच संपते.

वस्तुतः त्यानंतर तो आणखी एकवीस वर्षे जगला. त्यातली नऊ वर्षे त्याने कैदेत काढली आणि त्या काळात त्याचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात गेले. ज्याने इतरांना कायद्याचे संरक्षण मिळू दिले नाही, त्याला ते द्यायचे की नाही, आणि द्यायचे तर किती, हा प्रश्न नव्या प्रजासत्ताकापुढे त्याच्या निमित्ताने उभा राहिला. प्रस्तुत लेखकाच्या मते रझवीच्या चरित्राचा हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच वाचण्याजोगा आहे, आणि लातूरकरांसाठी तर अधिकच.

सय्यद कासीम रझवी हा लातूरचा वकील. अलीगढला शिकलेला. लातूर त्या वेळी जिल्हा नव्हते. १९८२ पर्यंत ते उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातच होते. पण बार्शी लाइट रेल्वेने जोडलेली ही मोठी बाजारपेठ होती. आडत, कापूस, तेलबिया यांचा व्यापार जोरात होता आणि त्यात लिंगायत, मारवाडी व्यापाऱ्यांबरोबर कच्छी मुस्लीम व्यापाऱ्यांचाही मोठा वाटा होता. अशा गावात वकिलाला कामाची वाण नसते. रझवीची वकिली फार गाजली होती असे कोणी सांगत नाही. त्याचे मन रमले ते मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनच्या कामात.

१९२७ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेला बहादूर यार जंग यांच्या वक्तृत्वाने बळ दिले. स्वयंसेवकांचे, म्हणजे रझाकारांचे, दल त्यांच्याच काळात सुरू झाले. १९४४ मध्ये बहादूर यार जंग अकस्मात वारले. त्यांच्या मागे आलेल्या अध्यक्षांना संघटनेवर पकड बसवता आली नाही आणि १९४६ मध्ये अध्यक्षपद रझवीकडे आले. लहान चणीचा, दाढी राखलेला, डोक्यावर फेज टोपी घालणारा हा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की सभा पेटवत असे. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या घरात होती आणि तीत मुस्लीम सुमारे तेरा टक्के. एवढ्या अल्पसंख्येचे राज्य टिकवायचे तर ते शस्त्राच्या धाकावरच टिकेल, असा त्याच्या राजकारणाचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब फोफावला कसा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ या फर्मानवजा परिपत्रकाने ती अट घातली होती. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या बेतात असताना सरकारने सार्वजनिक सुरक्षिततेचे नियम पुढे करून तिच्यावर बंदी घातली. संघटना जन्माला येण्यापूर्वीच बेकायदा ठरली. ही बंदी उठायला जुलै १९४६ उजाडले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र होत असताना स्वामी रामानंद तीर्थ पुन्हा तुरुंगात होते. मधले दोन महिने सोडले तर सप्टेंबर १९४८ पर्यंत ते तिथेच राहिले. ज्यांच्या हातात काठीही नव्हती त्यांच्यापासून सार्वजनिक सुरक्षिततेला धोका मानला गेला. खाकी गणवेश चढवून बंदुका मिरवत संचलन करणाऱ्यांकडे मात्र सुरक्षिततेचे साधन म्हणून पाहिले गेले. रझवी वकील होता. सुरक्षितता या शब्दाचे दोन अर्थ एकाच राज्यात कसे चालतात, हे त्याला नक्कीच कळत असणार.

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे त्याने आपले बळ दाखवले. जैसे थे करारावर सह्या करण्यासाठी निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होते. इत्तेहादच्या जमावाने पंतप्रधान छतारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांची घरे वेढली. शिष्टमंडळ निघू शकले नाही, छतारींनी राजीनामा दिला आणि पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले. जैसे थे करार अखेर २९ नोव्हेंबरला झाला खरा, पण संस्थानात हुकूम कोणाचा चालतो हे त्या पहाटे स्पष्ट झाले होते. ज्या राज्यात पंतप्रधानाच्या घराला वेढा पडतो आणि पोलीस बघत राहतात, तिथे खेड्यातल्या शेतकऱ्याने कोणाकडे दाद मागायची?

पुढच्या वर्षभरात नांदेड, बीदर, उस्मानाबाद, परभणीच्या खेड्यांनी काय भोगले, याच्या आठवणी अनेक घरांत अजून आहेत. लुटालूट, जाळपोळ, खून. हजारो कुटुंबे घरे सोडून सरहद्दीपलीकडे गेली. त्याच सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. तिथून करोडगिरी नाक्यांवर हल्ले होऊ लागले. १९४८ च्या जानेवारीअखेर नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली आणि तो पैसा लढ्यासाठी वापरला गेला. प्रत्येक हल्ल्यानंतर आरोपींचा शोध सुरू होई आणि तो शोध घेणाऱ्यांत पोलिसांबरोबर रझाकारही असत. आरोपी सापडत नसे तेव्हा गाव सापडे. पोलीस तपास आणि सूड यांच्यातली रेघ या काळात पुसली गेली, आणि ती पुसणाऱ्यांत रझवीचा वाटा सर्वांत मोठा होता. त्याबद्दल इतिहासाने त्याला माफ करण्याचे काही कारण नाही.

सगळे मुसलमान त्याच्या मागे होते हे मात्र खरे नव्हे. नांदेड जिल्ह्यात तहसीलदार असलेल्या फरीद मिर्झा यांनी रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून नोकरी सोडली. १३ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी आणि आणखी सहा मुस्लीम गृहस्थांनी एक निवेदन काढले. रझाकार दल बरखास्त करावे आणि संस्थान भारतात सामील व्हावे, अशी त्यांची मागणी होती. शोएबुल्ला खान या तरुण संपादकाने ते आपल्या इमरोज या उर्दू दैनिकात छापले. आठवडाभरानंतर, २१ ऑगस्टच्या रात्री कार्यालयातून घरी परतताना, हैदराबादच्या रस्त्यावर शोएबुल्ला खान यांच्यावर हल्ला झाला. त्यांचा लिहिता हात तोडण्यात आला आणि ते मरण पावले. वृत्तपत्रात काम करणाऱ्याला ही घटना वाचून पुढे जाता येत नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरच्या बाजूने निघालेली मुख्य फौज नळदुर्गमार्गे पुढे सरकली आणि पाच दिवसांत सारे आटोपले. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांनी लष्करी गव्हर्नर म्हणून सूत्रे हाती घेतली. रझवी पळाला नाही. शरणागतीनंतर लगेच तो हैदराबादेत पकडला गेला. रझाकारांच्या सेनापतीला हुडकण्यासाठी नव्या राजवटीला फारसे कष्ट पडले नाहीत. (पळाले ते मीर लायक अली, नजरकैदेत असताना १९५० मध्ये पहाऱ्यावरच्या पोलिसांच्या हातावर तुरी देऊन ते थेट पाकिस्तानात पोहोचले.)

खरा पेच होता तो इतरांचा. रझाकारांची संख्या त्यांच्याच दाव्याप्रमाणे लाखांत होती. त्यातले खून, लूट करणारे किती, नुसते संचलन करणारे किती, आणि भीतीपोटी किंवा गावातल्या दडपणामुळे नाव नोंदवणारे किती? गणवेश उतरवला की रझाकार आणि शेजारी यांच्यात डोळ्यांना दिसेल असा फरक उरत नव्हता. जुने पोलीस खाते विश्वासाचे राहिले नव्हते आणि शेजारच्या प्रांतांतून आणलेल्या अधिकाऱ्यांना गावे अनोळखी होती. मग ओळख पटवणार कोण? गुन्हेगार शोधण्याचे काम जिथे पोलिसांच्या हातून सुटले, तिथे ते जमावाने हाती घेतले.

लातूरने त्याची किंमत मोजली. नोव्हेंबरच्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार हे पंतप्रधान नेहरूंच्या विनंतीवरून संस्थानात आले. त्यांच्या सद्भावना समितीने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे तिने नोंदवले. या चार जिल्ह्यांतच किमान १८ हजार माणसे मारली गेल्याचा तिचा अंदाज होता. संपूर्ण संस्थानासाठी तिने २७ ते ४० हजार असा आकडा दिला. लातूरबद्दल अहवालात स्वतंत्र मजकूर आहे. हे रझवीचे गाव, म्हणून इथे कत्तल वीस दिवसांहून अधिक काळ चालली, हजाराहून अधिक माणसे मेली, आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला गावात जेमतेम तीन हजार आढळले. बाकीचे जीव घेऊन निघून गेले होते. कच्छी व्यापाऱ्यांची दुकाने, गोदामे उद्ध्वस्त झाली होती.

रझाकारांच्या अत्याचारांचीही समितीने नोंद घेतली, आणि सूडाच्या त्या लाटेत जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना लपवणाऱ्या हिंदू कुटुंबांचीही. विणकरांच्या वस्त्यांत दोन्ही धर्मांच्या लोकांनी एकमेकांना सांभाळल्याचे तिला दिसले. काही ठिकाणी लष्कराने आणि पोलिसांनी लोकांना वाचवले, तर काही ठिकाणी त्यांच्यातलेच काही जण लुटीत सामील झाले, असेही तिने लिहून ठेवले. दिल्लीत हा अहवाल कोणाला आवडला नाही. विशेषतः सरदार पटेल त्यावर नाराज होते. तो प्रसिद्ध झाला नाही.

इकडे हैदराबादेत रझवी कोठडीत होता. लातूरच्या गल्लीत ज्यांना त्याच्या नावाने मारले गेले त्यांना न वकील मिळाला न न्यायाधीश. त्याला मात्र दोन्ही मिळाले. हा विरोधाभास बोचतो. पण रझवीला न्यायालय मिळाले हे चुकले नाही, इतरांना मिळाले नाही हे चुकले.

अर्थात ते न्यायालय साधे नव्हते. लष्करी गव्हर्नरच्या राजवटीने अशा खटल्यांसाठी विशेष न्यायाधिकरणाचा कायदा केला. ज्या आरोपीचा खटला तिथे पाठवला जाई त्याला नेहमीच्या फौजदारी प्रक्रियेतल्या काही सवलती मिळत नसत. सत्र न्यायालयापुढे जाण्याआधी दंडाधिकाऱ्यासमोर होणारी प्राथमिक चौकशी नाही. खटला दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करून मागण्याचा हक्क नाही. साक्षी शब्दशः न लिहिता सारांशाने टिपून घेण्याची न्यायाधिकरणाला मुभा. वाचायला या गोष्टी किरकोळ वाटतात. ज्याच्या मानेवर फास असतो त्याला त्या तशा वाटत नाहीत. अटकेनंतर वर्ष उलटल्यावर, ऑक्टोबर १९४९ मध्ये, रझवीचे प्रकरण या न्यायाधिकरणाकडे गेले.

आरोप होता बीबीनगरच्या दरोड्याचा. जानेवारी १९४८ मध्ये रझवी आणि त्याचे रझाकार रेल्वेने जात असताना हैदराबादजवळच्या या गावात त्यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या. त्याचा राग धरून रझाकारांनी गावावर हल्ला केला, घरे लुटली. एवढ्या मोठ्या रक्तपाताचा सूत्रधार मानल्या गेलेल्या माणसावरचा हा खटला अनेकांना तेव्हाही लहान वाटला असेल. पण फौजदारी न्यायालयात इतिहासाचा निवाडा होत नसतो, सिद्ध होण्याजोग्या गुन्ह्याचाच होतो. सप्टेंबर १९५० मध्ये त्याला सात वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यात आली. शोएबुल्ला खान यांच्या खुनाच्या प्रकरणातही तो आरोपी होता. मात्र अखेर त्याने भोगली ती शिक्षा बीबीनगरची.

दरम्यान देश बदलला होता. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली आणि ती हैदराबादलाही लागू झाली. खटला सुरू झाला तेव्हा अस्तित्वात नसलेले मूलभूत हक्क, खटला चालू असताना अस्तित्वात आले. कायद्यापुढे सर्व समान, हे कलम चौदाचे वचन रझवीलाही लागू होते का? १९५२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या विशेष न्यायालयांचा कायदा अन्वर अली सरकार प्रकरणात अवैध ठरवला होता. कोणता खटला विशेष न्यायालयात जाणार हे सरकारच्या मर्जीवर सोडल्याने समानतेचा भंग होतो, असे त्याचे सूत्र होते. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यातले असेच एक कलम लछमनदास आहुजा प्रकरणात रद्दबातल झाले. लातूरच्या वकिलाने आता त्याच दारावर थाप मारली.

१९ जानेवारी १९५३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, आणि तो एकमताचा नव्हता. सरन्यायाधीश पतंजली शास्त्री, न्या. बी. के. मुखर्जी आणि न्या. एस. आर. दास यांनी रझवीचे म्हणणे फेटाळले. घटना लागू झाल्यानंतर न्यायाधिकरणाने प्रत्यक्षात चालवलेली प्रक्रिया नेहमीच्या प्रक्रियेच्या पुरेशी जवळ होती का, एवढेच पाहायचे, आणि ती तशी होती, असे त्यांचे मत पडले. न्या. गुलाम हसन आणि नागपूर उच्च न्यायालयाचे पूर्वीचे मुख्य न्यायमूर्ती न्या. व्हिव्हियन बोस यांना ते पटले नाही. कायद्याने काढून घेतलेल्या हक्कांची उणीव बहुमताला वाटली तेवढी लहान नव्हती, हा त्यांच्या भिन्नमताचा गाभा होता. म्हणजे ज्या माणसाचे नाव घेताच मराठवाड्यातल्या माणसाच्या मुठी आवळत, त्याच्या हक्कांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयातले दोन न्यायमूर्ती उभे राहिले. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर त्याची शिक्षा रद्द झाली असती.

न्या. बोस रझवीची बाजू घेत नव्हते, हे वेगळे सांगायला नको. टाडा, पोटा, मोक्का असे कायदे पुढे आले त्या प्रत्येक वेळी हाच वाद नव्या नावांनी झाला. आरोपी जितका नकोसा तितकी प्रक्रिया आखूड करण्याचा मोह मोठा. आणि तशी आखूड केलेली प्रक्रिया पुढे कोणाच्या वाट्याला येईल हे कोणी सांगू शकत नाही. १९३८ मध्ये सुरक्षिततेच्या नियमांनी सत्याग्रहींना तुरुंगात घातले गेले, दहा वर्षांनी सुरक्षिततेच्याच नावाने रझाकारांसाठी वेगळे न्यायालय आले. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वेळी निदान अपील करता येत होते आणि दिल्लीपर्यंत जाता येत होते. तो फरक घडवण्यासाठीच तर मुक्तिसंग्राम झाला होता.

रझवीने शिक्षेचा काळ पुण्याच्या येरवडा कारागृहातही काढला. सप्टेंबर १९५७ मध्ये तो सुटला. हैदराबादला जाऊन त्याने मजलिसची सूत्रे अब्दुल वाहिद ओवेसी या वकिलाकडे सोपवली आणि अवघ्या काही दिवसांत पाकिस्तान गाठले. ज्या राज्यासाठी त्याने एवढे रक्त सांडवले ते राज्य तोवर नकाशावरूनच गेले होते. १९५६ च्या नोव्हेंबरात भाषावार पुनर्रचनेत हैदराबादचे तीन तुकडे झाले होते आणि लातूर, नांदेड मुंबई राज्यात आले होते. कराचीत त्याला कोणी विशेष विचारले नाही. १९७० मध्ये तो तिथेच वारला. लातूरला तो परत आला नाही.

त्याच्या खटल्याचा निकाल १९५३ पासून कायद्याच्या प्रत्येक ग्रंथालयात आहे; विद्यार्थी तो अभ्यासतात. सुंदरलाल समितीच्या अहवालाचे काही भाग अभ्यासकांच्या लेखनातून अधूनमधून येत राहिले, पण दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात संपूर्ण अहवाल सर्वांना पाहता येऊ लागल्याची वार्ता आली ती २०१३ मध्ये, घटनेनंतर पासष्ट वर्षांनी. त्यात लातूरच्या वाट्याला मोजक्या ओळी आहेत. त्यांत आकडे आहेत, मेलेल्यांची नावे नाहीत. नाव आहे ते फक्त रझवीचे.